बगळ्याचं देणं

खड्डा खणला एम्रिस प्रोबर्टनं, त्याच्या पिवळ्या जेसीबीनं.
पैसे घेतले नाहीत. म्हणाला,
जूनमध्ये माझं गवत बांधायला ये दोन दिवस, दरसाल.
रॅडनरच्या या डोंगरात हिशेब असाच चालतो :
वहीत कोणी लिहीत नाही,
विसरतही नाही.

मग बाजारातून मासे आणले. सात. शेंदरी.
एकवीस वर्षं शाळेची बस चालवली मी,
तिच्या मागच्या बाकावरच्या सात वांड पोरांची
नावं त्यांना ठेवली.
हाक मारली की एकही वळून बघायचा नाही.
तेही जुनंच.

अकराव्या पहाटे चहा घेऊन खिडकीशी आले, तर
काठावर तो.
राखी ओव्हरकोट, एक पाय दुमडलेला,
चॅपलमधल्या पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यासारखा
डोळे उघडे ठेवून झोपलेला.
माझा चहा निवेपर्यंत त्याचं ध्यान चाललं.
मग मान सुटली.
शेवटच्या माशाचं नाव होतं गेथिन.

जाळी आणली, ती त्यानंतर.
पावती अजून ड्रॉवरमध्ये आहे.

तळ्याशी अबोला धरला मी.
पंप बंद केला. शेवाळ आलं, येऊ दे म्हटलं.
जानेवारीत वर बर्फाचं झाकण बसलं,
कुंपणातून मेंढ्यांनी वाकून पाहिलं,
मी नाही.

मार्चमध्ये कडेला साबुदाण्याची खीर,
शाळेच्या जेवणात मिळायची तशीच, बेचव दिसणारी,
प्रत्येक दाण्यात एक काळा ठिपका.
मग पोटाला नारिंगी फासलेला एक पाणसरडा,
मग निवळ्या, पाण्याला आपलं वजन न सांगता चालणाऱ्या,
उताणा पडून वल्ही मारणारा कोण एक किडा,
शेपटी आपटत धोबी पक्षी,
आणि अंधार पडता पडता वटवाघळं,
पाण्याचा एकेक घोट उडता उडता उचलणारी.
बोलावणं कुणालाच नव्हतं.
दुपारी निळ्या टाचण्या यायच्या,
ऊन पाण्याला टाचून ठेवायच्या,
ढग आला की काढून न्यायच्या.

दुसऱ्या जूनमध्ये, गवताच्या दिवशी,
चारलाच जाग आली.
आयरिसच्या पात्यावर चिखलाच्या रंगाचं काहीतरी
चढलं, थांबलं, आणि पाठीवर उसवलं.
आतून एक डोकं, सगळं डोळ्यांचंच,
मग छाती, मग पाय,
आणि मग ते मागे कलंडून लोंबकळत राहिलं
अर्धा तास, मेल्यासारखं.
एम्रिस वाट बघत असणार. मी हलले नाही.
पंख आधी खिशात धुतल्या गेलेल्या कागदासारखे,
मग हळूहळू इस्त्री होत गेलेले.
उडाला तो पडत पडतच, तिरका, कुंपणापलीकडे.

याला चतुर म्हणतात.
कशावरून, कोण जाणे.
दोन हिवाळे गाळात गप्प बसला, म्हणून असेल.

एम्रिसचा नातू मॅक्सेन रिकामी कवचं गोळा करतो,
अंड्यांच्या खोक्यात, एकेका खळग्यात एकेक.
आजवर एक्केचाळीस.
त्यानंच सांगितलं, अगदी सहज, नाक पुसत :
मासे असते तर यांची पिल्लं खाऊन टाकली असती त्यांनी.
मी त्याला आणखी एक बिस्कीट दिलं
आणि बराच वेळ काही बोलले नाही.

बगळा अजून येतो. एखादा बेडूक नेतो.
काचेवर टकटक करायला हात उचलते मी,
आणि तोच हात कपाला लावते.
याचं माझ्याकडे काही निघतं का?
विचारायचं कुणाला? वही तर नाही.

परवा दुकानात गेथिन भेटला. खरा गेथिन.
दाढी आलीय, कडेवर मूल आहे.
म्हणाला, तळं केलंत म्हणे. मासे आहेत का?
होते, म्हटलं.
बाकीचं सांगितलं नाही.