शीतकरण केंद्र

कामठी रोडच्या मागे, बाभळींनी जिथे कुंपण गिळलंय,
तिथे आमची तालीम. बंद पडलेलं दुधाचं केंद्र.
आठवड्याला दोनशे रुपये नत्थूजींच्या हातात
आणि एक अट: अंधार पडला की मागच्या टाकीकडे जायचं नाही.
"काऊन?"
"नाही म्हटलं नं बे. बस."

साहजिकच आम्ही तिथूनच सुरुवात केली.

टाकी म्हणजे स्टीलचं पोट. एक माणूस उभा राहील एवढं.
आत काही बोललं की आवाज उशिरा परततो
आणि परतताना जरा म्हातारा होऊन येतो.
बाहेर भिंतीवर फळा: गावाचं नाव, लिटर, फॅट.
खडूचे आकडे कुणी पुसले नाहीत, आम्हीही नाही.
पावसाळी हवेत फरशीतून आंबट वास वर येतो,
जशी इमारत अजून ढेकर देतेय.

संहिता नव्हती. सात अंगं होती,
आणि एक गोष्ट, जी सगळ्यांनाच ठाऊक:
ती येते देखणी होऊन, स्तनाला विष लावून.
बाळ पितं. पितच राहतं. तिचा जीवही पिऊन टाकतं.
मग ती पडते, आणि पडता पडता
आपल्या खऱ्या मापाची होते. कोसभर.

भूमेशचा मामा मारबतीचा सांगाडा बांधतो.
म्हणाला, आधी कंबर बांधा. डोळे शेवटी.
डोळे आधी काढले तर ती पाहत बसते,
अन् हात कापतात.
म्हणून कंबरेपासून. पंकज नंदनवार डावा खांदा,
भूमेश पाठ. मान कुणाच्याच अंगात बसेना.
तीन आठवडे पूतना पोत्यासारखी पडत होती.
मी ओरडायचो, पडू नका, कोसळा!
दोन्हींत फरक काय, ते मला कुठे ठाऊक होतं.

छाती दामिनी उईकेची.
तिचं बाळ नऊ महिन्यांचं, पाचपावलीला सासूजवळ.
भूमिका देताना मी उंची बघितली होती फक्त.
खरं सांगतो.

त्या गुरुवारी वासंती टाकीत. ती बाळ.
रडायचं नाही असं ठरलेलं. तोंड उघडं ठेवून
नुसता श्वास आत ओढायचा.
स्टीलनं तो श्वास घेतला, गोल फिरवला
आणि परत दिला तो भुकेला. चक्क तान्हा.

दामिनी थांबली.
तिच्या टी-शर्टवर दोन ओले डाग
हळूहळू मोठे झाले.
छत टपकत होतं. कुणी हललं नाही.
"माह्याकडे नोका पाहू. ते आपोआप होते."
मग खूप हळू, आम्हाला नव्हे:
"तिलेही झालं असंन."

आणि ती कोसळली. म्हणजे आम्ही, सातही.
आधी कंबर गेली, मग पाठ, मग खांदे.
डोळे कधी मिटले ते मात्र
मला सांगता येणार नाही.

दारात टॉर्च. नत्थूजी. विझलेली बिडी ओठात.
कधीपासून उभे होते कोण जाणे.
"भूतबित काही नाही तिथं," ते म्हणाले.
"मशीन बंद पडली त्या राती
अकराशे लिटर नासलं. नळ मीच खोलला.
नालीतून पहाटेलोक जात होतं.
त्याचा आवाज येते मले, बस."
त्या आठवड्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.
पुढच्या आठवड्याचे मोजून घेतले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत
काळी मारबत निघाली. हीच पूतना, असं म्हणतात.
खोकला घेऊन जा, महागाई घेऊन जा,
अख्खा रस्ता तिच्यावर ओरडत होता.
भूमेश तर सगळ्यात जोरात.
दामिनी ओरडली नाही. ओढणीखाली
पोरगं पीत होतं.

वळणावर विजेच्या तारा खाली लोंबत होत्या.
वाहणाऱ्यांनी तिला जराशी वाकवली
आणि तिची मान कलली,
खांद्यावर कुणी झोपलं असावं
इतक्या बेतानं.