जातो म्हणू नये

उदगीरला, सायकलच्या दुकानावर, पत्र्याच्या खोलीत
संध्याकाळी सात ते आठ
आम्ही नऊ जण इंग्रजी शिकत होतो.

डाळमिलचा वजनकाटा सांभाळणारा लिंगप्पा,
ब्युटी पार्लरवाली सुदामती,
बँडात क्लॅरिनेट वाजवणारा एक जण,
नाव विसरलो, लग्नसराईत तो यायचाच नाही,
आणि मी, बँकेचा शिपाई, वय सत्तेचाळीस.
साहेब 'प्लीज' म्हणतात तेवढं कळायचं,
पुढचं नाही.

मेहजबीन टीचर तेवीस वर्षांच्या.
फळ्यावर रोज पाच शब्द, एक वाक्य.
खडू इतका झिजेपर्यंत वापरायच्या
की नखानं लिहितात असं वाटावं.

शब्द तसे ओळखीचेच निघाले.
बॅलन्स, पेंडिंग, अर्जंट, लिंक फेल,
हे तर मी वीस वर्षं बोलत होतो
मराठी समजून.
स्पेलिंग पाहिलं आणि परके वाटले,
शेजाऱ्याला पहिल्यांदा कोटात बघावं तसे.

मग अडलं.
लिंगप्पानं विचारलं, उष्ट्याला काय म्हणायचं?
टीचरनी डिक्शनरी काढली,
दोन पानं मागं, दोन पुढं.
'लेफ्टओव्हर' म्हणाल्या, आणि स्वतःच मान हलवली.
उरलेलं वेगळं, उष्टं वेगळं.
माझ्या वहीत त्या शब्दापुढं अजून नुसती रेघ आहे.

'आठवण येते'चं निघालं 'मिस'.
मला मिसकॉल माहीत, मिस झालेली बस माहीत.
आठवण आपली आपण येते,
भर दुपारी, पासबुकावर शिक्का मारताना,
तिकडं म्हणे ती माणसानं करायची असते.
बायकोला सांगितलं.
तवा उतरवत म्हणाली,
'मग बरंय की. नाही केली तर नाही.'

'आय ॲम गोइंग' तर मला लिहिताच येईना.
लहानपणी एकदा निघताना जातो म्हणालो
तर आईनं रस्त्यातून परत बोलावलं,
पाणी प्यायला लावलं
आणि नीट 'येतो' म्हणवून घेतलं.
मी लिहिलं, आय ॲम कमिंग.
टीचरनी लाल गोल केला.
दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा गोल.
असे अकरा आहेत.

मार्चात टीचरना हैदराबादला नोकरी लागली.
सुदामतीनं पेढे आणले.
लिंगप्पा पाठ केलेलं भाषण म्हणायला उठला,
मधेच विसरला, बसला.
टीचरनी फळा पुसला.
'नाऊ समबडी से गुडबाय.'
कोणी बोलेना.
खाली कुणाच्या तरी टायरची हवा सुटत होती.

मी उठलो.
'कम, टीचर.'
म्हणजे, या.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं.
लाल पेन हातातच होतं. टोपण लावलं.
जिना अर्धा उतरल्यावर
घरच्या बोलीत म्हणाल्या,
'आती मैं.'

खोलीचं भाडं महिनाअखेरपर्यंत भरलेलं होतं.
दुसऱ्या दिवशी सातला
आम्ही सहा जण आलो.