तीन नंबर

सकाळी सहाला, ओपीडीची रांग लागायच्या आत
मी तीन नंबर बंद करतो. पाटी लावतो: काम सुरू आहे.
मराठीत आणि हिंदीत, माझ्याच अक्षरात.
लोक दोन्ही भाषांत ती वाचत नाहीत,
बटण दाबतात.

लोकेश वर मशीनरूममध्ये, पारव्यांशी भांडत.
मी खाली खड्ड्यात.
तळाशी दोन बफर, म्हाताऱ्या पैलवानांसारखे बसलेले.
त्यांच्यावर आजवर कुणी पडलं नाही,
म्हणून त्यांना कुणी ओळखत नाही.

दाराच्या फटीतून काय काय सांडतं:
इंजेक्शनची झाकणं, रुपयाची नाणी, केसांच्या क्लिपा,
एकदा तान्ह्या पायातला काळ्या मण्यांचा वाळा.
सिस्टर धामणकरांनी वॉर्डावॉर्डांत विचारलं.
कुणाचाच नव्हता.
माझ्या हत्यारपेटीत आहे, फीलर गेजशेजारी.

मग गाडीच्या टपावर.
दोर सहा. डोळ्यांनी बघू नये, डोळे ग्रीसला भुलतात,
हे मुंगीसाहेबांनी शिकवलेलं.
गाडी थांबवायची, सुती फडकं घ्यायचं,
हातभर पुसायचं, पुन्हा हातभर.
फडकं जिथे अडतं, तिथे तार तुटलेली.

फेब्रुवारीत चौथा दोर सात जागी अडला.
मार्चात अकरा.
मी अर्ज लिहिला. 'धोका' हा शब्द बाबूंना रुचला नाही,
त्यांनी 'आवश्यकता' सुचवला.
फाइल सहीसाठी सातव्या मजल्यावर जायची,
शिपाई ती काखेत मारून तीन नंबरमध्येच चढला.
त्या दोरावर ती वर गेली,
'तीन कोटेशने जोडावीत' एवढा शेरा घेऊन
त्याच दोरावरून उतरली.
कोटेशनं आली. एक कंपनीचं, एक सियागंजातलं,
एक कंपनीच्या मेहुण्याचं.
फाइल पुन्हा वर.

आता हे सांगायला हवं.
तीन वर्षांपूर्वी, अनंत चतुर्दशीची रात्र,
अर्धं इंदूर झांक्या बघायला रस्त्यावर.
तीन नंबरमध्ये स्ट्रेचर, आणि मागे अख्खं खानदान,
सोळा माणसं.
वीज गेली. ब्रेकनं धरायला हवं होतं, तो घसरला.
गाडी खाली सुटली, वेग वाढला,
आणि सहाव्या-पाचव्याच्या मध्ये
गव्हर्नरनं दोरी आवळली, पाचरी रुळांत रुतल्या.
खाड्.
अंधारात एकवीस मिनिटं.
दार फाकवलं तेव्हा त्या घरच्या सुनेनं
अस्सल माळवीत माझे पूर्वज मोजले.
मी ऐकून घेतलं.
बाई, ही बिघडली नाही, हिनं नाही म्हटलं,
असं ओठांवर आलेलं गिळलं,
कारण त्या महिन्याच्या वहीत
ब्रेकपुढे मी लिहिलं होतं: ठीक.
न उघडता. जेवणाची सुट्टी झाली होती म्हणून.

रुळांवरचे व्रण मी कानशीनं घासून काढले.
दिसत नाहीत. बोट फिरवलं की लागतात.
तेव्हापासून वहीत 'ठीक' लिहीत नाही,
आकडा लिहितो. ब्रेकची गादी, मिलिमीटरमध्ये.
लोकेश हसतो. हसू दे. पण उघडतो.

आज चौथा दोर चौदा.
फडकं हातात, आणि सुताचा एक धागा
दोरालाच राहिलेला, हलणारा.

पावणेआठ. खाली आवाज वाढलाय:
'भिया, चालू करो नी! कित्ती देर?'
एक आणि दोन नंबर चालू आहेत. रुग्ण जातील.
अधीक्षकांचा फोन दोनदा येऊन गेला,
तिसरा येईल.
मी मेन स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं,
वहीत लिहिलं: चौदा. वेळ. सही.
किल्ली वाळ्याशेजारी ठेवली.

शिपायानं फाइल काखेत मारली, पाटी वाचली,
आज पहिल्यांदाच नीट वाचली,
माझ्याकडे बघितलं,
आणि जिन्याकडे वळला.
सात मजले.
चौथ्यावर टेकला असेल. तिथवर त्याची
धाप मला ऐकू येत होती.