दोनशे अठरा, दोनशे एकोणीस

पास सगळे खपलेत, असं सेक्रेटरी सांगतात.
चारशे पास, चारशे नावं, वहीत निळी शाई.
मैदानात बघावं तर
खुर्च्या उन्हात पाठ शेकत बसलेल्या.
पहिला हाफ रटाळ असला की मी मोजते:
आज एकसष्ट माणसं, दोन कुत्री,
आणि भजीवाल्याचा पोरगा,
तो धरायचा की नाही कुणास ठाऊक.

बाकीचे पैसे भरतात.
पुण्याहून भरतात, मस्कतहून भरतात.
एकजण हुबळीहून दर मे महिन्यात फोन करतो,
"कोपऱ्यातली माझी जागा, तीच ठेवा हं,"
आणि तीन वर्षांत त्या कोपऱ्यात
कावळ्याशिवाय कुणी टेकलेलं नाही.

माझा पास माझा नाही.
त्यावर परशराम हलगेकर, वडगाव, असं लिहिलंय.
फोटोत मिशी आहे.
गेटवरचा दस्तगीर आधी पास बघतो, मग मला बघतो,
"ये की परशराम, उशीर केलास," म्हणतो
आणि दोरी खाली करतो.
हा पास दुसऱ्यास देता येणार नाही,
असं मागं छापलंय.
दादा गेल्यावर सायकल, बंब, घड्याळ,
सगळं वहिनीकडं राहू दिलं.
हा एवढा मी उचलला.

सव्वीस वर्षं माग चालवले त्यानं.
कान मागातच राहिले.
रेफ्रीची शिट्टी ऐकू यायची नाही,
खेळ थांबून खेळाडू पाणी प्यायला लागले तरी
हा एकटा उभा, "मार, मार की रे!"
म्हणून दोनशे अठराचा इनास सोज
शिट्टी झाली की त्याच्या गुडघ्यावर थाप मारायचा.
एक फाऊलला, दोन ऑफसाइडला.
गोलला थाप लागायची नाही.

पहिल्या रविवारी मी येऊन बसले
तर माझ्याही गुडघ्यावर पडली.
इनासनं हात चटका बसल्यासारखा मागं घेतला,
"सॉरी बाय, सवय,"
आणि हाफटाइमपर्यंत आम्ही दोघं नुसतं समोर बघत राहिलो.
पुढं तो खुर्चीच्या हातावर मारायला लागला.
मला ऐकू येतं, हे त्याला दिसत होतं.
मीही काही बोलले नाही.

आता तो म्हापशाला, लेकीकडं.
पास भरतो.
शिट्टी झाली की मीच दोनशे अठराच्या हातावर मारते,
पोकळ वाजतं, प्लास्टिकच ते.

अधूनमधून कुणीतरी येऊन विचारतं,
"इल्लि यारर अदाररेन?"
"अदाररि," मी म्हणते, आहेत,
आणि पिशवी त्या खुर्चीवर ठेवते.
तो माणूस आजूबाजूच्या तीनशे रिकाम्या खुर्च्यांकडं बघतो,
मग माझ्याकडं, मग जातो.

आज एकजण जाईना.
टाकीची सावली आमच्या दोन खुर्च्यांवरच पडते,
त्याचं टक्कल उन्हानं लाल झालेलं,
चपला हातात.
पोरगा गोकाकच्या गोलात उभा आहे म्हणाला,
पहिलीच मॅच, आईला सांगितलेलं नाही.
"इल्लि यारर..."
"अदाररि," मी म्हटलं. पिशवी मांडीवर घेतली.
"कूडरि."

तो अर्ध्याच खुर्चीवर टेकला,
परक्या घरी बसतात तसा.
कितीतरी वेळ काहीच घडलं नाही.
लष्कराच्या बाजूनं कुठंतरी बिगुल वाजला.
मग शिट्टी झाली आणि माझा हात गेलाच,
खुर्चीच्या हातावर, त्याच्या कोपराशेजारी.

त्यानं दचकून बघितलं.
माझ्या मांडीवरची शेंगदाण्यांची पुडी बघितली,
आणि मी देऊ करत्येय असं वाटून
तळवा पुढं केला.

दिले.

कॉर्नर आमच्या पोरांना मिळाला होता.
तिकडं गोकाकचा पोरगा हातमोजे सारखे करत होता,
आणि त्याचा बाप शेंगदाणे मुठीत तसेच धरून
उभा राहिला होता.