चार इंच

अर्ज लिहावा म्हटलं तर मायनाच सुचेना.
'श्रीयुत घरमालक' लिहिलं, खोडलं.
अकरा वर्षं ज्यांना आप्पा म्हणतोय
त्यांना श्रीयुत कसं म्हणायचं?

मागणी एवढीच होती :
वरच्या मजल्यावरचा ओटा चार इंच खाली घ्यायचा.
खर्च माझा, गवंडी माझा, राडारोडा मीच उचलीन,
आणि खोली सोडताना, हवं तर लिहून देतो,
होता तसा करून देईन.

कुंदा पाटावर उभी राहून स्वयंपाक करते.
पाटाला तिच्या टाचांचे दोन खळगे पडलेत.
गेल्या श्रावणात फोडणी देताना पाय सुटला.
कढई वाचली, मनगट नाही.

मी उद्यमनगरात लेथवर.
तिथं केसाएवढं माप चुकलं तरी जॉब परत येतो.
आणि घरात चार इंच
खपवून घेत आलोय.

तवनाप्पा चौगुले दिवस बुडायच्या आत जेवणार.
शिफ्ट संपवून मी शाहूपुरीत पोचेतो
त्यांचं ताट धुऊन पालथं घातलेलं.
पहिल्या दिवशी नुसतं भाडं दिलं नि आलो.
दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीवर बोललो.
तिसऱ्या दिवशी म्हणालो, आप्पा, तो ओटा...

चार इंच म्हणताच चष्मा काढला त्यांनी.
"न्हाई जमायचं. दुसरं काय बी सांग.
खिडकी फोड, मोरी हलव, रंग लाव कुठला पायजे त्यो.
ओट्याला हात लावायचा न्हाई."

कुंदा म्हणाली, जाऊ दे, पाट आहेच की.
मी रागारागानं पाटाला खालून रबर ठोकलं.

आठ दिवसांनी, रात्री, जिन्यात बॅटरीचा उजेड.
आप्पा वर येत नाहीत कधी, गुडघे.
थेट स्वयंपाकघरात गेले, ओट्याला टेकले.
कडप्पा त्यांच्या बरगडीला लागला.

"पद्मा उंच हुती. माझ्यापेक्षा वीतभर.
वरातीत पोरं हसली.
घर बांधलं तवा वरचा-खालचा दोन्ही ओटे
तिच्या मापानं घातले.
गवंड्याला म्हटलं, हिला वाकाय लागता कामा नये."

कुंदानं पायानंच पाट भिंतीकडं सारला.
त्यांनी पाहिलं ते. पाहत राहिले.
"मी बी असाच उभा ऱ्हातोय खाली," म्हणाले,
"दोन विटा, वर पोतं."

माझ्या हातात टेप होता, सवयीनं.
त्यांनी माप विचारलं नाही.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून, पाठमोरे :
"वरचा फोड.
खालचा ऱ्हाऊ दे."

सोमवारी गवंडी आला.
बुधवारी, ओटा वाळायच्या आधीच,
रबर ठोकलेला पाट
कुंदानं खाली नेऊन दिला.