नाकावरचं ऊन

चाळीस वर्षं मी लोकांच्या जबड्यात उजेड पाडला.
आता निवृत्त. आता उजेडाची वाट बघतो
वेलेन्से तळ्याच्या अलीकडे, रुळांच्या दक्षिणेला,
जिथं दुपारी चारनंतर ऊन
इंजिनाच्या नाकावर तिरकं बसतं
आणि विजेच्या खांबाची सावली
अजून पाऊलभर लांब असते.

खांबांचं गणित ओदोनचं.
तो शंटर होता सेकेशफेहेरवारच्या यार्डात,
दोन बोटं तिथंच, दोन डब्यांच्या मध्ये ठेवून आला.
म्हणतो, उरलेल्या आठांत कॅमेरा छान बसतो.

आज ती येणार.
गोल नाकाची, तांबडी, डिझेलची.
माहेर स्वीडन, ठेवण अमेरिकेची,
आणि सबंध जन्म सासरी, आमच्या हंगेरीत, काढलेला.
तिच्या बहिणी कापल्या, वितळवल्या.
उरल्यासुरल्यांतली एखादी
रंग लावून सणासुदीला बाहेर काढतात,
तिच्या डोक्यावर विजेच्या तारा,
ज्यांच्याशी तिचं काही देणंघेणं नाही.

पूर्वी ओदोन डोळे मिटून सांगायचा
कुठली येतेय, किती डबे,
कुणाचा कुठला सिलिंडर खोकतोय.
डावा कान गेला. उजवा जायच्या बेतात.
आता तो कुंपणाच्या खांबाला तळवा लावून उभा राहतो,
वैद्यानं नाडी धरावी तसा.
“नऊ मिनिटं,” म्हणतो.
मी घड्याळ बघत नाही.

बोरोका चौदा वर्षांची.
तिची आई तिला आमच्यावर सोपवून पोहायला जाते.
आंबट चेरी खाते, बिया खडीवर थुंकते,
आणि विचारते, “नंबर लिहून ठेवता, त्याचं पुढं काय करता?”
मी दातांचेही नंबर लिहायचो:
वर डावीकडे सहा, खाली उजवीकडे सात.
तेव्हा कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर उत्तर होतं.

मग आली.
आधी शेतापलीकडं धूर, मग तो घुमारा,
पोटातून येणारा, पितळी भांड्यात
कुणीतरी जड काहीतरी घोळवत असल्यासारखा.
ऊन नाकावर. सावली लांब. बोट बटणावर.
आणि अलीकडच्या रुळावर, उलट्या दिशेनं,
तेलाच्या टाक्या.

एक. दुसरी. सातवी. अठरावी.
प्रत्येक दोन टाक्यांच्या फटीत
वीतभर तांबडं,
एकदा खिडकीतलं कोपर,
एकदा, देवाशपथ, नाकाचा उजळलेला गोलवा,
मग पुन्हा काळं, गोल, तेलकट, कुणाच्याच कामाचं नसलेलं पोट.
मी तरी बटण दाबत राहिलो.
एकतिसावी टाकी गेली तेव्हा
समोर फक्त सूर्यफुलं होती,
आणि त्यांनीही तोंडं फिरवलेली.

ओदोननं यार्डातली ती शिवी दिली,
जी मी मुलीसमोर लिहिणार नाही.
मग हसायला लागला, इतका की खांबाला धरून बसला.
“आठ बोटांनी घड्याळ लावलं होतं,” म्हणाला,
“त्या तेलवाल्यानं दहांनी.”

बोरोकानं फोन पुढं केला.
तिनं रुळांकडे पाहिलंच नव्हतं.
आम्ही दोघं: हात अर्धवट वर,
तोंडं सताड उघडी, आणि त्यांत
चार वाजताचं ते ऊन, अगदी हवं त्या कोनात.
मी नकळत फोटो मोठा केला.
खाली डावीकडे सहा, भरलेली, कडेनं काळी पडतेय.
हे कुणी मला सांगायला हवं होतं.

वहीत लिहिलं: तारीख, वेळ,
नंबरच्या जागी रेघ.

परतीची गाडी सात चाळीसला.
तेव्हा ऊन तिच्या पाठीशी असेल,
नाक सावलीत, फोटो कामाचा नसेल.
बोरोकाची आई येऊन तिला घेऊन गेली,
चेरीची पिशवी कुंपणावर राहिली.
ओदोन तळवा पुन्हा खांबाला लावतोय.
अजून तीन तास आहेत, मी ओरडून सांगतो,
उजव्या कानात.
माहीत आहे, म्हणतो, आणि हात काढत नाही.