पाणी मुरतं

आठ-आठ महिने थेंब पडत नाही या शहरात.
तुम्हाला पडद्यावर दिसतो तो ओला रस्ता
माझा आहे.
बर्बँकला, स्टुडिओच्या मागच्या आवारात,
रात्री अकरानंतर गमबूट घालून
मी डांबर भिजवायचो.
ओल्या रस्त्यावर एका दिव्याचे दोन होतात,
तेवढंच विजेचं बिल वाचतं.
त्यात गूढ वगैरे आहे
हे नंतर कुणीतरी शिकलेल्या माणसाने सांगितलं.

नाव एमिल कोवारिक. पाट्यांमध्ये शोधू नका.

गोष्ट मला तोंडपाठ.
लढाईवरून परतलेला एकजण, लाँड्रीची गाडी चालवणारा,
दिव्याच्या खांबाला टेकून उभा.
बाई येते. काडी मागते.
पर्समध्ये तिच्या लायटर असतो.
(मला माहीत, कारण पर्स सांभाळणारी पोरगी
माझ्या पिंपाशेजारी बसून सँडविच खायची.)
मग नवरा, म्हातारा, नाजूक काळजाचा,
मग चामड्याची बॅग, मग एक खोटी सही,
आणि दोघंही एकमेकांना पाण्यात पाहू लागतात.
शब्दशः.
खाली माझंच पाणी असायचं.

खिडकीच्या झडपांच्या सावल्या पडतात ना तोंडावर,
तिथे खिडकी नसते.
सुतार पट्ट्या ठोकतो लाकडी चौकटीत,
चौकट धरून एक पोरगा उभा राहतो, जांभई देत.

शेवटी लाँड्रीवाला माझ्या रस्त्यावर पालथा पडतो.
नट कुरकुरायचा, गार लागतं म्हणून.
मरणाऱ्यासाठी मी एक बादली
कोमट ठेवू लागलो.

सत्तेचाळीसचा ऑक्टोबर.
घरी चमचे शोधताना
खणाच्या तळाशी कागद सापडला:
माझ्या जिवाचा विमा, दोन हजार डॉलर,
खाली हर्मिनाची सही,
खरी.
तारीख जूनची. मला पत्ता नाही.

नऊ वर्षं मी असल्या गोष्टींना पाणी घालत होतो.
मला कळणार नाही, तर कुणाला?
कुठेतरी पाणी मुरत होतं.
हॅटवाला एकजण ट्रामच्या थांब्यावर
रोज दिसतो, असं आठवलं.
तिने केस नवीन पद्धतीने बांधलेत, असं आठवलं.
रात्री तिने दूध आणून ठेवलं,
साय होती, वर जायफळ.
जायफळ कधीपासून?
ती आत गेल्यावर मी ते मोरीत ओतलं
आणि कामावर गेलो.

दुसऱ्या रात्री पुन्हा ओतलं.
तिसऱ्या रात्री ती मोरीजवळच उभी होती,
ओल्या हातांनी, दिवा न लावता.

"तुझा खोकला ऐकलायस कधी?" ती म्हणाली.
"तू झोपेत असतोस.
मी ऐकते."

एवढंच. बंदूक नाही, बॅग नाही.
हप्ता ती शिवणाच्या पैशांतून भरायची,
महिना ऐंशी सेंट.
मी उरलेलं दूध प्यायलो.
गार झालं होतं.
जायफळ घशाला बरं असतं म्हणे.

आता ते सिनेमे शनिवारी टीव्हीवर लागतात,
मधे साबणाच्या जाहिराती.
तो एक लागला की मी खुर्ची पुढे ओढतो.
लाँड्रीवाला धावतो, वळतो, गोळी लागते,
आणि डाव्या कोपऱ्यात, खांबाच्या पायाशी,
पाण्याची एक बारीक धार उताराविरुद्ध येताना दिसते.
जोड सैल राहिला होता पाइपचा.
ती त्या पहिल्या रात्रीची धार.
दिग्दर्शकाला दिसली नाही, कॅमेऱ्यावाल्याला नाही,
जगात कुणालाच नाही.

"पाइप गळतोय तुझा,"
हर्मिना म्हणते, विणकामातून मान वर न करता.

मी हसतो, हसता हसता खोकला येतो.
ती उठते
आणि टीव्हीचा आवाज कमी करते.